बाई, माझी आई पळू शकते का?

मुलांनो, आपल्या शरीरात जोडीने असलेले अवयव किती, सांगा पाहू? डोळे दोन, कान दोन, हात दोन, पाय दोन, फुप्फुसं दोन. आणखी? आठवा बरं! पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, कण्याच्या दोन्ही अंगांना लपून बसलेली मूत्रपिंडंही दोन. पुस्तकात त्यांना मूत्रपिंड म्हणतात, पण आता खेड्यातली आजीसुद्धा 'किडनी'च म्हणते. म्हणून मीही तोच शब्द वापरते.

हाच प्रश्न मी आमच्या शाळेत चौथीच्या वर्गात विचारला होता. सगळी पोरं ओरडून उत्तरं देत होती. एकच मुलगा गप्प होता. एरवी प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारा! तास संपला, पोरं खिचडीच्या रांगेकडे पळाली आणि हा हळूच टेबलापाशी आला.

"बाई, एकच किडनी असल्यावर माणूस पळू शकतो का?"

"कोण माणूस रे?"

"माझी आई."

हिंगोली जिल्ह्यातल्या एका छोट्या गावातली ही गोष्ट. गावाचं आणि त्या माऊलीचं नाव मी सांगणार नाही. मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "नाव कशाला बाई? भावाला दिली, गावाला थोडीच दिली?"

तर झालं होतं असं. त्या मुलाच्या मामाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त साफ करून घ्यायचं. त्यासाठी दर खेपेला एस.टी.ने नांदेडला जाऊन यायचं. शेवटी बहीण पुढे झाली. तपासण्या जुळल्या, शस्त्रक्रिया झाली, मामा बरा झाला. या गोष्टीला दहा महिने लोटले. मामा पुन्हा शेतात जायला लागला. पण इकडे बहिणीच्या घरी काय चाललं होतं? हंडा उचलू नको, शेतात जाऊ नको, भरभर चालू नको! शेजारची एक म्हातारी तर सरळ म्हणायची, "अर्धी बाई झाली गं, अर्धी!"

आणि हे सगळं तो मुलगा ऐकत होता. आमच्या शाळेत त्याच्याइतका पळणारा दुसरा कोणी नाही. तालुक्याच्या स्पर्धेला त्याचं नाव द्यायचं मी मनात धरलं होतं. पण शाळा सुटली की हा सरावाला न थांबता गायब! मला वाटलं, कंटाळला असेल. एकदा रागावलेसुद्धा. आता कळलं की स्वारी घरी जाऊन हापशावरून पाणी भरत होती. आईला उचलावं लागू नये म्हणून.

मी रविवारी त्याच्या घरी गेले. आई दारात तूर पाखडत बसली होती. म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय, चालत जा, कामं करत जा. एक दिवस सडकेपर्यंत चालून आले, तर सासूबाई म्हणल्या, आतले टाके उसवले म्हणजे? किडनी देताना भ्या नाही वाटलं बाई. पण आता सगळे असे बघायलेत, की मलाच भ्या वाटायलंय."

आता खरं सांगू का मुलांनो? मलाही नक्की काही माहीत नव्हतं. वर्गात शिकवताना आपण 'किडनी रक्त गाळते' एवढं म्हणतो आणि पुढच्या धड्याला लागतो. मग मी वाचायला बसले. एका डॉक्टरांनाही गाठलं. जे कळलं ते तुम्हाला सांगते. आई-बाबांनाही शेजारी बसवून घ्या.

किडनी दिसायला घेवड्याच्या दाण्यासारखी असते. लांबीला दहा-बारा सेंटीमीटर, वजन साधारण दीडशे ग्रॅम. मध्यम आकाराचा कांदा असतो ना, तेवढंच. पण तिचं काम बघा! एकेका किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात. पंधरा लिटरचा हंडा धरला तर बारा हंडे झाले! एवढं सगळं पाणी बाहेर गेलं तर आपण वाळूनच जाऊ. म्हणून त्यातलं जवळजवळ सगळं त्या परत रक्तात घेतात आणि नको असलेली घाण दीड-दोन लिटर लघवीतून बाहेर टाकतात. शिवाय रक्तदाब सांभाळायचा, तांबड्या पेशी तयार करायचा निरोप हाडांना द्यायचा, हीदेखील कामं त्यांचीच.

मग दोनपैकी एक काढली तर काम निम्मं होईल, असं गणित तुम्ही मांडाल. मीही तसंच मांडलं होतं. चुकलं!

आमची शाळा दोनशिक्षकी आहे. पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. एक जण प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याने चारही वर्ग बघायचे. अशा वेळी शाळा निम्मी चालते का? नाही. उरलेला शिक्षक थोडा जोरात बोलतो, थोडा जास्त फिरतो आणि शाळा बऱ्यापैकी चालते. पुरी नाही, पण निम्म्याहून पुष्कळच जास्त. किडनीचं तसंच आहे. एक गेली की उरलेलीकडे जास्त रक्त येऊ लागतं. तिच्यातल्या गाळण्या नव्या उगवत नाहीत हं, आहेत त्याच मोठ्या होतात आणि जास्त काम करू लागतात. काही आठवड्यांतच ती एकटी, पूर्वी दोघी मिळून करत होत्या त्याच्या साधारण दोनतृतीयांश किंवा त्याहून थोडं जास्त काम उचलते. निरोगी माणसाला तेवढं रोजच्या जगण्याला पुरतं.

काही माणसं तर जन्मतःच एका किडनीची असतात. अशी माणसं हजारात साधारण एक निघतात. कित्येकांना तर भलत्याच कारणासाठी सोनोग्राफी करेपर्यंत पत्ताही नसतो. आपल्या देशाची लांब उडीची खेळाडू अंजू बॉबी जॉर्ज तुम्हाला माहीत असेलच. २००३ साली पॅरिसला झालेल्या जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत तिने ६.७० मीटर उडी मारून कांस्यपदक मिळवलं. जागतिक स्पर्धेत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय. २०२० च्या डिसेंबरात तिने स्वतःच जगाला सांगितलं की आपल्याला एकच किडनी आहे. शाळेच्या मैदानावर ६.७० मीटर मोजून बघा एकदा. आमच्या पोरांनी मोजलं आणि सगळी तोंडात बोट घालून उभी राहिली.

पण जन्मतः एक असणं वेगळं आणि असलेली काढून देणं वेगळं, नाही का? म्हणून आता देणाऱ्यांची गोष्ट.

१९५४ सालची, अमेरिकेतल्या बोस्टन शहरातली. रिचर्ड आणि रोनाल्ड हेरिक हे तेवीस वर्षांचे जुळे भाऊ. रिचर्डच्या किडन्या गेल्या. तेव्हा एकाची किडनी दुसऱ्याला बसवायची म्हटलं की शरीर ती परकी समजून नाकारायचं. पण एकसारख्या जुळ्यांचं शरीर एकमेकांना परकं मानणार नाही, अशी डॉ. जोसेफ मरे यांना आशा होती. भाऊ खरोखर एकसारखे आहेत ना, याची खात्री करायला नाना परीक्षा झाल्या. अगदी पोलिसांकडे नेऊन बोटांचे ठसेसुद्धा घेतले! आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली की तू इथून घरी निघून जा. रोनाल्डने उलट निरोप धाडला की मी आलोय आणि इथंच राहणार. आपल्याकडे भावाभावांची बांधावरून भांडणं होतात, त्यांनी ही चिठ्ठी जरूर आठवावी.

२३ डिसेंबर १९५४ रोजी शस्त्रक्रिया झाली. किडनी एका माणसातून दुसऱ्यात बसवून यश आल्याची ही पहिली वेळ. रिचर्ड आठ वर्षं जगला. त्याची शुश्रूषा करणाऱ्या नर्सशीच त्याने लग्न केलं, त्याला दोन मुली झाल्या. डॉ. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळालं. आणि रोनाल्ड? त्याचं काय झालं, हे सहसा कोणी विचारतच नाही. रोनाल्ड गणिताचा शिक्षक झाला. शेतीही केली. २०१० च्या डिसेंबरात, वयाच्या ७९ व्या वर्षी तो वारला. म्हणजे एका किडनीवर तो छप्पन्न वर्षं जगला. शिक्षक होता, म्हणून मला त्याचं जरा जास्तच कौतुक वाटतं.

आपल्याकडे १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत माणसाने दिलेली किडनी यशस्वीपणे बसवली गेली. आता तर महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत ही शस्त्रक्रिया होते. देणाऱ्याची किडनी बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून, लहान छेद घेऊन काढतात. दुसऱ्या दिवशीच त्याला उठवून चालायला लावतात. साधारण दीड महिना जड उचलायचं नाही. पुढे जखम नीट भरली की डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सगळं सुरू. 'टाके उसवतील' ही भीती पहिल्या काही आठवड्यांची. दहा महिन्यांनंतर ती उरत नाही.

आता आपल्या महाराष्ट्रातला एक माणूस पाहा. सांगली जिल्ह्यातले शेतकरी प्रमोद महाजन. (पुढारी प्रमोद महाजन वेगळे, गोंधळ नको.) यांनी एका जवानाला आपली किडनी दिली. त्यानंतर अठरा वर्षांनी, २०१८ साली, ६७ वर्षांचे हे आजोबा मोटरसायकलवर बसले आणि अवयवदानाचा प्रचार करत देशभर फिरायला निघाले. बेत होता शंभर दिवसांचा आणि दहा हजार किलोमीटरचा! आमच्या गावात मोटरसायकलवर हिंगोलीला जाऊन आलं तरी माणसं कंबर धरून बसतात.

आफ्रिकेत किलिमांजारो नावाचा पर्वत आहे, उंची ५,८९५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे साडेतीन कळसूबाई एकावर एक! २०२२ च्या १० मार्चला, जागतिक किडनी दिनी, किडनी दान केलेल्या वीसएक माणसांची टोळी हा डोंगर चढून गेली. शिवाय अवयव बसवलेल्या लोकांच्या जागतिक क्रीडास्पर्धा १९७८ पासून भरतात. पहिली इंग्लंडमध्ये पोर्टस्मथला भरली होती. आता तिथे अवयव देणारेही उतरतात, पळतात, पोहतात. किडनी दिल्यानंतर ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन पळणारी माणसंही जगात आहेत. ४२ किलोमीटर म्हणजे किती? हिंगोलीहून औंढा नागनाथला निघालात, देवदर्शन केलंत आणि परत फिरलात, तर हिंगोली दिसायला लागायच्या सुमाराला मॅरेथॉन पुरी होईल.

पण थांबा! 'काहीच होत नाही, पळा बिनधास्त' असं मी म्हणणार नाही. अशी अर्धी माहिती मला आवडत नाही.

आपण लांब पळतो तेव्हा पायांच्या स्नायूंना भरपूर रक्त लागतं. ते कुठून येणार? शरीर पोटाकडचं आणि किडनीकडचं रक्त थोडं कमी करून पायांकडे वळवतं. घामाने पाणीही कमी होतं. तासन् तास पळाल्यावर स्नायू थोडे झिजतात आणि तो कचराही किडनीलाच निस्तरावा लागतो. दोन किडन्यावाल्या धडधाकट माणसाचं रक्त मॅरेथॉननंतर तपासलं तरी किडनीवर ताण पडल्याच्या खुणा पुष्कळदा दिसतात आणि विश्रांतीनंतर बहुधा जातात. एक किडनीवाल्याकडे राखीव ताकद कमी. म्हणून त्याने अंतर हळूहळू वाढवायचं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पळायचं नाही, पहाटेच पळायचं. तहान मारायची नाही. पण स्पर्धेच्या भरात तांब्यामागून तांबे पाणीही ढोसायचं नाही, कारण त्याने रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही धोक्याचं.

आणि एक गोष्ट खास मोठ्यांसाठी. पाय दुखले, कंबर दुखली की आपण मेडिकलवर जातो आणि 'दुखण्याची गोळी द्या' म्हणतो. त्या गोळ्यांत बऱ्याचदा डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असतं. ही औषधं किडनीकडे जाणारं रक्त आणखी कमी करतात. पळून घाम गाळलेला, त्यात पाणी कमी प्यालेला आणि वर ही गोळी! किडनी दिलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी गोळी कधीच घेऊ नये. दोन किडन्या असणाऱ्यांनीही ती चणे-फुटाण्यांसारखी खाऊ नये. वर्षातून एकदा रक्तदाब, लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यायचं. जोराने अंगावर आदळायचे खेळ, म्हणजे कुस्ती किंवा कबड्डी, डॉक्टरांना विचारूनच. पळण्यात हा धोका नाही.

आणि पुढे कधी उरलेली किडनी बिघडलीच तर? मोठमोठे अभ्यास झाले आहेत. ज्यांनी किडनी दिली नाही अशा तितक्याच निरोगी माणसांपेक्षा देणाऱ्यांना हा धोका थोडा जास्त असतो. पण पंधरा वर्षांत शंभरात एकापेक्षाही तो कमीच असतो. देण्याआधी इतक्या तपासण्या करतात त्या यासाठीच. ज्याला मधुमेह आहे किंवा तशी काही तक्रार आहे, त्याला डॉक्टर बहुधा परत पाठवतात.

आपल्या देशात यासाठी १९९४ सालचा कायदा आहे. किडनी विकणं आणि विकत घेणं, दोन्ही गुन्हा. देणारा अठरा वर्षांचा हवा आणि आपणहून तयार हवा. म्हणजे मुलांनो, तुम्हाला कोणी मागणार नाही, निश्चिंत राहा! पण एक गोष्ट मला खटकते, ती सांगून टाकते. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका पुष्कळ जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आई देते, बहीण देते, बायको देते. दिल्यानंतर तिच्या तब्येतीची चौकशी मात्र मागे पडते. एक तर तिला दोन महिन्यांत परत कापूस वेचायला लावतात, नाही तर 'अर्धी' म्हणून कायमची कोपऱ्यात बसवतात. ठरल्या तारखेला तिला तपासणीला कोण नेतं? त्या माऊलीला मी विचारलं, शेवटची तपासणी कधी केली? ती हसली. म्हणाली, "भावाची दर महिन्याला होती की!"

मी नवऱ्याला बोलावून घेतलं. सासूबाईही आल्या. मी त्या दोनशिक्षकी शाळेचं उदाहरण दिलं. सासूबाईंना ते काही पटलं नाही. त्यांना पटली ती वारी. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना आमच्या जिल्ह्यातून, सेनगाव, जवळा बाजार अशी जाते. त्या स्वतः एकदा पालखीबरोबर चालल्या होत्या. मी विचारलं, "पहिल्या दिवशी पाय दुखले, मग काय केलंत?" म्हणाल्या, "थांबलो की अंग धरतं बाई. चालत राहिलं की सुटतं." मग स्वतःच सुनेकडे बघून जरा वेळ गप्प बसल्या.

पुढच्याच आठवड्यात नवरा-बायको तपासणीला गेले. सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि दम लागला नाही तर हळू पळायलाही हरकत नाही म्हणाले.

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट आहे. त्यामुळे म्हणा किंवा कशामुळे, आमच्याकडे पोलीस भरतीचं वेड भारी. पहाटे कुठल्याही सडकेवर गेलात तर सोळाशे मीटरचा सराव करणारी पोरं दिसतात. आता त्या पोरांच्या मागून एक बाई चालताना दिसते. पदर खोचलेला, पायात नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट. पहिल्या दिवशी भरतीची पोरं हसली, दुसऱ्या दिवशी त्यांनीच वाट करून दिली.

मीही दोन-तीनदा गेले होते. मला दम लागला, तिला नाही.

बरोबर आमचा चौथीचा पहिलवान असतोच. सुरुवातीला तो आईचा हात धरून चालायचा, दर पन्नास पावलांना "आई, दुखतंय का?" विचारायचा. पाण्याची बाटली त्याच्याच गळ्यात. परवा मी पाहिलं, तर आई मोठ्या लिंबापासून पुलापर्यंत हळूहळू पळत होती. तो पुढे पळायचा, वळून बघायचा, थांबायचा, परत पळायचा.

शेवटी तीच ओरडली, "आरं, तालुक्याला मला पळायचंय का तुला? व्हय पुढं!"

आणि तो जो सुटला, तो पुलापलीकडेच जाऊन थांबला.